न रडलेल्या सुनेची बाजू

राजारामपुरी, सातवी गल्ली,
कोल्हापूर.
२० जून १९७२

चि. बया हीस,
दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

या पत्रात मला एकच गोष्ट सिद्ध करावयाची आहे आणि ती आरंभीच लिहून टाकतो. तुझी मुलगी मीनाक्षी निष्ठुर नाही. तसा आरोप ठेवूनच जोतिबाच्या डोंगरावरील सासरघरातून तिला तुझ्याकडे गारगोटीस पाठविण्यात आले आहे. आरोप खोटा ठरला की तिला माहेरी ठेवण्याचे कारण उरत नाही, आणि कारण उरले नाही म्हणजे तिने नांदावयास परत जावे हे ओघानेच आले.

तू काळजीत पडलीस की निम्म्या गोष्टी विसरतेस, म्हणून हकीकत क्रमाने मांडतो. मीनाक्षीचे सासरे गुंडूतात्या डिसेंबरात अर्धांगवायूने अंथरुणास खिळले आणि २ मे रोजी गेले. मधले पाच महिने त्यांना भरविणे, पुसणे, कुशीवर वळविणे हे सर्व मीनाक्षीने केले. जावई कृष्णातराव गुलाल-खोबऱ्याच्या दुकानात अडकलेले. त्यात चैत्राची यात्रा. त्यांची थोरली बहीण चिमणाबाई कोल्हापुरात नांदते, ती रविवारी येऊन उशाशी बसे. तात्या गेल्यावर दुखवट्याला बायका येऊ लागल्या. तिकडची रीत तुला ठाऊक आहे. येणाऱ्या प्रत्येक बाईच्या गळ्यात पडून घरच्या सुनेने मोठ्याने रडावयाचे. मीनाक्षी रडली नाही. तिने आलेल्यांना पाणी दिले, बसावयास घोंगडी अंथरली, कोण आले व कोण राहिले हे ध्यानात ठेवले. तिसऱ्या दिवशी भर सोप्यात चिमणाबाईंनी विचारले, की हिच्या डोळ्याला टिपूस कसं न्हाय, का म्हातारा कवा जातोय ह्याचीच वाट बघत हुती. त्यावर मीनाक्षीने दिलेले उत्तर आता डोंगरावरच्या प्रत्येक दुकानात ऐकावयास मिळते. ती म्हणाली, की पाणी तापलंय, आंघोळीला कोण जातंय?

तेराव्यानंतर कृष्णातरावांनी तिला आठ दिवसांच्या विश्रांतीसाठी म्हणून एस.टी.त बसविले. आज महिना उलटला. न्यावयास कोणी आले नाही.

आता विचार कर. दुसऱ्याचे हाल पाहून ज्याचा हात हलत नाही तो निष्ठुर. हिचा हात पाच महिने हलत होता. रडणे हे दुःखाचे एक चिन्ह आहे. धूर दिसला तर अग्नी आहे असे म्हणता येते. धूर नाही म्हणून अग्नी नाही असे म्हणता येत नाही. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो आणि धूर नसतो. हे मी अठ्ठावीस वर्षे मुलांना शिकविले. त्यातल्या ढ मुलांनाही ते समजत असे. डोंगरावरच्या मंडळींना समजू नये असे काही नाही.

कृष्णातरावांच्या चुलत्यांना लिहून मी बैठक ठरविली आहे. रविवार, २३ जुलै, त्यांच्याच घरी. मीनाक्षीला नांदवावयाची की कायमची माहेरी ठेवावयाची, याचे उत्तर मी मागणार आहे. तोवर तिला रडण्याचा आग्रह करू नकोस व गल्लीतल्या बायका तिच्यासमोर आणून बसवू नकोस. तुझ्या अक्षराबद्दल या खेपेस काही लिहीत नाही. प्रसंग तसा नाही.

धीर धर आणि भावावरची माया आहे तशी राख.
तुझा,
दादा


गारगोटी,
२६ जून १९७२

ती. दादा यांस,
बयाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. आमच्या हेडमास्तरांना दाखवलं असतं तर त्यांनी उभं राहून वाचलं असतं. लोखंडाचा गोळा मला समजला. पण दादा, बैठकीला बसणारी माणसं गोळा तापलाय का ते हात लावून बघणारी. त्यांना हात कुठं लावू देणार तुम्ही?

मीनाक्षी तुम्हाला बरी आहे असं लिहिते, पण तसं नाही. सकाळी तांदूळ निवडते, दुपारी तेच तांदूळ पुन्हा निवडते. घास गिळवत नाही म्हणते. डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी घसा बघितला, जीभ बघितली, टॉनिक दिलं. शेजारची बायडाबाई येऊन बसलीच (तुमचं पत्र उशिरा आलं), आणि तिनं तोंडावर विचारलं, की बाई गं, नवऱ्याची आठवण येती का न्हाय तुला? मीनाक्षी म्हणाली, की संध्याकाळी पाच वाजले की हात गार पडतात. बायडाबाई मला बाजूला घेऊन म्हणाली, की पोरीला वाऱ्याचा त्रास हाय, सुंठ दे.

तुम्हाला आठवतं का बघा. हिचे वडील गेले तेव्हा ही नऊ वर्षांची. सगळं घर रडत होतं आणि ही कोपऱ्यात पोट धरून बसली होती. पोटात दुखतंय एवढंच म्हणत होती. ओवा दिला तरी तीन दिवस दुखतच होतं. त्याच महिन्यात तुम्ही तिला शाळेसाठी कोल्हापूरला नेली. तुमच्या घरी तिनं जे काही सांगायचं ते कागदावर कारणासकट लिहून द्यायचं, असा तुमचा नियम. मला तेव्हा कौतुक वाटलं. एवढीशी पोर, चप्पल चावते म्हणून अर्ज लिहिते, आणि मामा तो तपासून परत देतात! आम्ही किती हसलो होतो.

परवा म्हणाली, यांना पत्र लिहिते. माझ्या जिवाला इतकं बरं वाटलं. म्हटलं, लिही आणि आत्ताच्या आत्ता पेटीत टाकून ये. तर म्हणते, आधी मामांना दाखवते.

लवकर बघून पाठवा. तब्येत सांभाळा, आणि माझ्यावर रागावला असाल तरी लोभ कमी करू नका.
तुमची,
बया


गारगोटी,
३० जून १९७२

ती. मामांस,
मीनाक्षीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

सोबत यांना लिहिलेल्या पत्राचा कच्चा खर्डा आहे. तीन दिवस लागले. बरोबर आहे की नाही ते मला कळत नाही. कृपा करून तपासून द्यावे.

आपला दमा कसा आहे? आशीर्वाद असू द्यावा.
मीनाक्षी

(खर्डा)

नमस्कार.

इकडे सर्व ठीक. आईची शाळा सुरू झाली. मी आठ दिवसांचे कपडे आणले होते. त्यातले एक लुगडे फाटले, ते शिवले.

तात्यांना भरवताना घास डाव्या गालात राहायचा. तो बोटाने काढून पुन्हा जिभेवर ठेवावा लागे. अजून मी जेवायला बसले की माझी जीभ आपोआप डाव्या गालात जाते. तिथे काही नसते. मग घास उतरत नाही.

बायका येत होत्या तेव्हा मी माणसे मोजत होते. पहिल्या तीन दिवसांत एकशे चौदा झाली. मोजायचे थांबले असते तर काय झाले असते ते मला माहीत नाही, म्हणून थांबले नाही.

चिमणाआक्कांनी विचारलेले मला ऐकू आले होते. पण तेव्हा तात्यांना पुसून घ्यायची वेळ झाली होती. मी रोजच्यासारखे पाणी तापवले होते. तात्या नाहीत हे पाणी तापल्यावर ध्यानात आले. ते ओतून टाकता येईना. कुणीतरी वापरावे म्हणून तसे विचारले.

पाचला तुम्ही दुकानातून चहाला घरात यायचात. इथे पाच वाजले की माझे हात गार पडतात.

तुम्ही जेवता का?

मीनाक्षी


राजारामपुरी, कोल्हापूर.
४ जुलै १९७२

चि. मीनाक्षीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा खर्डा तपासून परत पाठवीत आहे. लाल शाईच्या खुणा पाहाव्यात. तू लिहावयास बसलीस याबद्दल समाधान वाटले, परंतु पत्र या स्वरूपात जाता कामा नये. कारणे देतो.

पत्राला मायना नाही. फाटलेल्या लुगड्याचा प्रस्तुत विषयाशी संबंध नाही. गालातल्या घासाचा मजकूर जेवणाशी निगडित असून वाचणाऱ्यास किळस आणील. तो संपूर्ण गाळावा. माणसे मोजल्याचे लिहिलेस तर चिमणाबाईंच्या आरोपास तूच पुष्टी दिल्यासारखे होईल. हात गार पडतात हे डॉक्टरांस सांगण्याजोगे आहे. आणि सर्वांत मोठा दोष असा, की एवढे लिहूनही मला न्यावयास या हे तू कोठेच म्हटलेले नाहीस. ज्या पत्रात मागणी नाही त्याचे उत्तर कोणी काय म्हणून द्यावे?

तापविलेल्या पाण्याची हकीकत मात्र महत्त्वाची आहे. मला ती आजवर माहीत नव्हती. तिने चिमणाबाईंचा सारा आरोप उलटतो. परंतु ती तू स्वतः सांगितलीस तर अंगावरचा दोष झटकण्यासाठी रचली असे वाटेल. तिऱ्हाइताच्या तोंडून आली तर तिला वजन येईल. म्हणून ती तुझ्या पत्रातून काढून मी बैठकीत मांडण्यासाठी राखून ठेवतो.

पुन्हा लिही. आधी वस्तुस्थिती, मग कारण, शेवटी विनंती. एका पानाच्या आत बसव. पत्र माझ्याकडेच पाठव; मी येथून टाकीन.

दमा ठीक आहे. टॉनिक वेळेवर घे आणि मामाच्या आशीर्वादाबद्दल शंका बाळगू नकोस.
रा. सं. इंगवले


गारगोटी,
९ जुलै १९७२

ती. मामांस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

आपल्या सूचनेप्रमाणे पत्र लिहिले आहे. सोबत आहे. हे बरोबर आहे असे मलाही दिसते. वाचताना दुसऱ्या कुणाचे आहे असे वाटते, पण ते माझ्या समजुतीचे असेल.

आपली,
मीनाक्षी

(पत्र)

श्री. रा. रा. कृष्णातराव यांस, कृतानेक नमस्कार. वि. वि.

कै. तात्यांच्या निधनाने आपणा सर्वांवर जो आघात झाला त्याचे दुःख मलाही आहे. ते बाह्यतः व्यक्त झाले नाही यास माझा स्वभाव कारण असून अनास्था कारण नाही. याविषयी कोणाचा गैरसमज झाला असल्यास तो दूर व्हावा. तरी सर्व बाजूंचा विचार करून मला नेण्याची व्यवस्था लवकर करावी, ही विनंती. कळावे.

सौ. मीनाक्षी


जोतिबाचा डोंगर,
२७ जुलै १९७२

ती. मामासाहेबांस,
कृष्णातचा नमस्कार. वि. वि.

तुमच्यासारखं मला लिहिता येत नाही. मॅट्रिकच्या वर्षी शाळा सुटली, नंतर दुकानातच हात गुलालात. चुकलंमाकलं पोटात घाला.

बैठकीत तुम्ही जिंकला. धाकटे चुलते तर म्हणाले, की मास्तरांनी बोलायला जागाच ठेवली न्हाय, आता आपुन नुसतं पान खायाचं. तुम्ही मला दोनदा विचारलंत, की ही निष्ठुर आहे असं अजून तुमचं म्हणणं आहे काय, आणि मी दोन्ही वेळा नाही म्हटलं. तुम्ही म्हणालात, मग प्रश्न मिटला. तुमचा मिटला असंल. म्हणून हे लिहितोय.

मामासाहेब, ती रडली न्हाय म्हणून मी तिला पाठवलेली न्हाय. तिनं तात्यांचं काय केलंय ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक? लोक चार दिस बोलत्यात, पुन्हा गिऱ्हाईक आलं की इसरत्यात. माझं दुखणं निराळं हाय. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, पावणं सगळं गेल्यावर, मी तात्यांच्या रिकाम्या बाजेवर बसलो होतो. मला आवरलं न्हाय. एवढा बाप्या गडी, पोरासारखा हुंदके देऊन रडलो. ती समोर सूप घेऊन तांदूळ निवडत होती. तिनं माझ्याकडं बघितलं, सूप खाली ठेवलं, उठली, बाहेर गेली आणि दार ओढून घेतलं. मी घंटाभर आत एकटा. बाहेर आलो तर म्हणते, चहा टाकू का?

त्या दिवशी मला वाटलं, बाप माझा एकट्याचा मेला. ह्या घरात मी कुणाजवळ रडायचं?

तरी मी वाट बघितली. आठ दिवसांचे दोन महिने झाले ते त्यापायी. म्हटलं, तोंडानं येत नसंल तर लिहून तरी काही कळवंल. शिकलेली हाय. मग पत्र आलं. मी दुकानाची फळी पाडून आत बसून वाचलं. मामासाहेब, कोर्टाची नोटीस बरी, त्यात निदान धाडणाऱ्याचा राग तरी कळतो. त्यात तिचा एक शब्द दिसंना मला.

बैठकीत तुम्ही पाण्याची गोष्ट काढलीत. तात्यांसाठी पाणी तापवलं नि मग कळलं तात्या नाहीत. खरं सांगतो, मी उठून निघणारच होतो गारगोटीला. तर आक्का मागनं म्हणाली, की शिकल्याली माणसं, काय बी रचतील, एवढं हुतं तर तुझ्या पत्रात एका अक्षरानं का लिवलं न्हाय तिनं? मी परत खाली बसलो. अजून तेच मनाला विचारतोय.

चुलते म्हणतात, नारळी पुनवेआधी काय ते कायमचं करून टाक, दोन्ही घरं मोकळी होतील. मी त्यांना होय म्हणणार आहे. तिची ट्रंक पोचती करतो. तुमचा मान माझ्या मनात तेवढाच आहे आणि राहील.
आपला,
कृष्णात


गारगोटी,
२ ऑगस्ट १९७२

ती. दादा यांस,
बयाचा नमस्कार. वि. वि.

कृष्णातरावांच्या पत्राची तुम्ही पाठवलेली नक्कल मिळाली. मी ती मीनाक्षीला वाचून दाखवली. तुम्ही दाखवू नको म्हणून लिहिलं होतं. मी ऐकलं नाही.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग मी विचारलं, की पोरी, नवरा रडताना तू उठून दार का लावून घेतलंस? तर ती माझ्याकडं अशी बघायला लागली, जशी मी काही खुळ्यासारखं विचारलं. म्हणाली, की माणूस रडायला लागलं की आपण तिथून जायचं असतं ना, त्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून? मामांकडं तसंच होतं. मी बाहेर पायरीवर बसून होते, कुणी आत जाऊ नये म्हणून. चिमणाआक्का आल्या होत्या, त्यांनाही मी वळवून देवळाकडं पाठवलं.

दादा, घंटाभर ती दाराबाहेर राखण करत बसली होती, आणि आत तो समजत होता की आपण एकटे आहोत.

ही रीत ती कुठं शिकली ते तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत आहे. मीनाक्षीचे वडील गेल्यावर तिला पोचवायला मी तुमच्या घरी आले होते. तुमच्या बैठकीच्या खोलीत मला रडू फुटलं. तुम्ही खुर्चीतून उठलात, बाहेर गेलात आणि दार इतकं हळू लावलंत की कडीसुद्धा वाजली नाही. तुम्ही ते माझी लाज राखायला केलंत हे मला आज पहिल्यांदा कळतंय. पंधरा वर्षं मी ते मनात धरून होते. सांगितलं कधीच नाही, कारण सांगितलं असतं तर तुम्ही त्याचंही कारण दिलं असतं, आणि ते बरोबर असतं.

आता दुसरं. तुम्ही परत पाठवलेला खर्डा तिनं वहीत जपून ठेवलाय. मी वाचला. दादा, एवढ्या वर्षांत माझी मुलगी माझ्याशी इतकं बोललेली नाही. घास, पाणी, पाचचा चहा, सगळं त्यात आहे. आणि शेवटी तुम्ही जेवता का. त्या ओळीखाली तुमच्या लाल शाईत ‘अप्रस्तुत’ लिहिलंय.

मी म्हटलं, हेच पाकिटात घाल, मी जाऊन टाकते. ती नाही म्हणते. मामांनी चूक आहे म्हटलंय, चुकीचं पत्र कसं पाठवू म्हणते. मी रडले, पाया पडते म्हटलं, तर उठून बाहेर गेली आणि दार लावून घेतलं. तेव्हा मला हसावं का रडावं ते कळेना.

माझ्या सांगण्यानं ती ते देणार नाही. तुम्ही या. नारळी पुनवेला फार दिवस उरले नाहीत.

तुमची बहीण,
बया


राजारामपुरी, कोल्हापूर.
८ ऑगस्ट १९७२

श्री. कृष्णातराव यांस,
रा. सं. इंगवले यांचे आशीर्वाद. वि. वि.

आपले २७ जुलैचे पत्र पावले. त्यातील प्रश्नाचे उत्तर मजजवळ होते आणि ते मी दहा दिवस दिले नाही. पहिले चार दिवस मी त्याचा प्रतिवाद लिहीत होतो. तो पूर्ण झाला आहे आणि चांगला उतरला आहे. तो मी पाठवीत नाही.

परवा रविवारी मी गारगोटीस गेलो होतो. सोबतचा कागद मीनाक्षीने आपणास ३० जून रोजी लिहिला. तिने तो प्रथम मजकडे पाठविला, कारण लहानपणापासून आपले म्हणणे मला दाखवूनच पुढे न्यावयाचे अशी मी तिला सवय लावली. त्यावरील लाल खुणा माझ्या आहेत. त्या खोडून, स्वच्छ प्रत करून पाठवावी असे माझ्या मनात आले होते. मीनाक्षीने मोडता घातला. ती म्हणाली, की मामा, पुन्हा लिहायला बसले तर ते पुन्हा तुमचंच होईल. म्हणून आहे तसाच पाठवीत आहे. वाचताना शक्य तर काळ्या शाईकडेच पाहावे.

मी तो पुरावा म्हणून धाडीत नाही. पाण्याच्या हकीकतीखाली मी तपासताना घातलेली, बैठकीच्या आधीची तारीख आहे, हे आपल्या भगिनींना दाखवून मला पुन्हा एकदा जिंकता येईल. तसे करावयाचे नाही असे मी ठरविले आहे. कागद आपला आहे. कोणास दाखवावा, कोणास दाखवू नये, हे आपण ठरवावे.

त्या दुपारच्या दाराबद्दल माझ्या बहिणीने जे लिहून कळविले ते तिच्याच शब्दांत सोबत जोडले आहे. त्यात माझ्याविषयी जे आहे ते खरे आहे.

खर्डा हातात देताना मीनाक्षीने मला विचारले, की आता हे बरोबर आहे का? मी म्हणालो, की ते ठरविण्याची पात्रता माझ्यापाशी नाही, तुझ्या नवऱ्यापाशी असेल. त्यावर तिने मान हलविली आणि माझ्या पानात भाकरी वाढली. तिने स्वतः चतकोर खाल्ली. मी तिच्यासमोर बसून होतो. घास तोंडात घेतल्यावर ती क्षणभर थांबते. ते मी तिच्या कागदावर वाचले होते, आणि किळस आणील असा शेरा मारून काट मारली होती. प्रत्यक्ष पाहिल्यावर मला माझे जेवण पुरे करता आले नाही.

ती आपणाकडे यावी की नाही याविषयी मी कोणतीही बाजू मांडीत नाही. आपण चुलत्यांना होय म्हणालात तरी मी बैठक मागणार नाही. ती कधी मोठ्याने रडेल असे आश्वासन देता येत नाही. बहुधा रडणार नाही. आपण रडलात तर ती कदाचित पुन्हा उठेल. तेव्हा तिला बस म्हणून सांगावे. सांगितल्यावर ती बसेल, एवढे मी तिला ओळखतो. हे तिला आजवर कोणी सांगितलेले नाही.

गारगोटीची गाडी कोल्हापूर स्टँडवर सकाळी लागते. ती दुसऱ्या कोणाच्या सोबतीने येणार नाही, आणि मी बोलाविल्याने तर नाहीच. आपले एक कार्ड तिच्या नावे गेले तर ते ती मला न दाखविता वाचील, असे मी तिच्याकडून वचन घेतले आहे.

आता राहिले ते माझे. या प्रकरणात माझ्या हातून चुका किती झाल्या याची यादी माझी बहीण मजहून चांगली देऊ शकेल. मी एकीखाली सही करीत आहे, कारण तिचे फळ आपणास भोगावे लागले.

चि. मीनाक्षीने आपल्या नवऱ्याला लिहिलेले पत्र माझ्या हाती आले तेव्हा मी ते तपासले. ते मी वाचावयास हवे होते, पाकिटात घालावयास हवे होते, आणि त्याच दिवशी पेटीत टाकावयास हवे होते.

ही चूक माझी आहे.

रावजी संताजी इंगवले